बूट तेल पीतच नव्हता

महाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. जून ते सप्टेंबर पायातले सेफ्टी शूज सुकतच नाहीत, म्हणून यंदा मे महिन्यातच ग्रीस लावायचं ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानात बुटासाठी ग्रीस मागितलं, तर पठ्ठ्याने बेअरिंगच्या ग्रीसचा डबा पुढे सरकवला. राग गिळला आणि मधमाशीचं मेण आणि नीट्सफूट तेल असलेली डबी ऑनलाइन मागवली. (हे तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. घरात शाकाहारी मंडळी असतील तर आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.)

खरा वैताग इथून पुढे. रात्री चोळून ठेवलं, सकाळी ग्रीस जसंच्या तसं वर. हेअर ड्रायर मारला. वितळलं, चकाकलं, पुन्हा थिजलं. प्लांटमधली धूळ अशी चिकटली की बूट रव्यात घोळल्यासारखे दिसायला लागले. अण्णांची कोल्हापुरी चप्पल खोबरेल गटागट पिते, म्हणून तेही लावून पाहिलं, तर ओघळून पँटला डाग. दोन आठवडे मी डबीलाच शिव्या घालत होतो. ग्रीस नकली आहे म्हणून एक स्टारसुद्धा देऊन मोकळा झालो.

शेवटी एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांना बूट दाखवला. त्यांनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गोळी होऊन खाली घरंगळला. "साहेब, ह्याला प्यायला तोंडच नाय. वरून प्लास्टिकचा लेप हाय." बुटाला पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचं, कोटिंग होतं! मग ग्रीस मुरणार कुठून? असल्या बुटाला ओलं फडकं आणि सुकं फडकं, बस. दुमडीवर लेप तडकला असेल तर तेवढ्यापुरतं ग्रीस.

पुढचा जोड घेताना दुकानातच ओलं बोट टेकवलं. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, घालू देत. डाग गडद झाला, हळूहळू सुकला. घेतला. त्याच डबीतलं ग्रीस एका रात्रीत गडप! नुसतं तेल चामडं मऊ करतं, पण आमच्याकडच्या पावसाला मेणच लागतं. रंग मात्र गडद होतो, आणि थापून लावाल तर आत पाय उकडतात. हो, आधी लेस काढा, शिलाईत जुन्या टूथब्रशने भरा. भिजलेले बूट चुलीपाशी ठेवू नका, चामडं तडकतं; आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

तो एक स्टार काढून पाच केले. उरलेली डबी अण्णांनी कोल्हापुरीसाठी पळवली आहे.