नखाएवढा कपटा

बुधवार, रात्री

झोप येत नाही. कपटा अजून चष्म्याच्या डबीतच आहे. नखाएवढा, चहाच्या डागासारख्या रंगाचा. त्यावर 'ला' आहे आणि पुढच्या अक्षराची नुसती वेलांटी.

दुपारी ग्रंथालयात 'काव्यरत्नावली' या जुन्या कवितांच्या मासिकाचा बांधीव खंड चाळत होते. ओढलं नाही, दुमडलं नाही. पान उलटलं आणि खालचा कोपरा बोटाबरोबरच आला. टेबलावर पिवळा भुगा. ग्रंथालयाचे काका रजिस्टरात मान घालून बसलेले. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी कपटा डबीत ठेवला, भुगा तळहाताने पुसला आणि पुढचं पान उलटलं. आईच्या पत्रांच्या वेळीही मी अशीच... जाऊ दे.

सर केशवसुतांवर काम करतात, त्यांच्यासाठी हे खंड चाळते; दोन वर्षं सुट्टीचा दिवस म्हणून घरी बसले नाही. धुळीने घसा धरतो, डोळे चुरचुरतात, आणि फाटायचं ते माझ्याच हातून. ज्यांनी हे खंड कधी उघडलेच नाहीत, त्यांच्या हातून काही फाटत नाही.

केशवसुतांचं मागे उरलंय तरी किती! फोटो एकही नाही. जन्मतारीख बघावी तर दोन: १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर. साल तेवढं एकच, १८६६. हयातीत संग्रह नाही. हरिभाऊ आपट्यांनी काढला तो ते गेल्यावर. १९०५च्या नोव्हेंबरात धारवाडहून हुबळीला गेले आणि तिथेच प्लेगने गेले, पाठोपाठ बायकोही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

कवितेखाली गाव आणि तारीख घालायची त्यांची सवय, तिचा सरांना केवढा आधार! 'तुतारी' मुंबईची, १८९३ची. 'आम्ही कोण?' फैजपूरची, १९०१ची. मास्तरकीपायी माणूस कुठे कुठे फिरला, ते त्या बारीक ओळींवरून लावत जायचं. आणि ती ओळ असते कवितेच्या शेवटी, खाली. म्हणून तो खालचा कोपरा डोळ्यांपुढून हलत नाही.

खरं तर ते पान केशवसुतांचं नव्हतंच. दुसऱ्या कुणा कवीचं होतं, नावही मी आज पहिल्यांदा वाचलं. हे लक्षात आलं तेव्हा क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच आता जास्त लाज वाटते. केशवसुतांना सर आहेत. त्यांच्या आधीही कितीतरी जण होऊन गेले. या माणसाला कोण आहे? त्याच्या वाट्याला कदाचित एवढंच पान, आणि त्याचा कोपरा माझ्या घरात.

आत्ता उठून वही काढली. पानाचा आकडा मी टिपलेला होता, नशीब. कपटा बटर पेपरात ठेवला, वर पाकीट. त्यावर पेन्सिलीने खंड, पान आणि आजची तारीख लिहिली. मग त्या कवीचं नावही लिहिलं.

उद्या दहाला दार उघडतं. काका रागावतील. दोन वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी, उद्या चढवतील. ऐकून घेईन. फक्त चिकटपट्टी लावू नका म्हणायचं. तिचा डाग कागदात मुरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ, तेवढ्याने बसतो तो कोपरा जागेवर. खळ मी घरून करून नेईन.