नेट आहे की नाही, हे प्रोग्रामला कळेपर्यंत

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी नोंदणीचा प्रोग्राम लिहिला. सकाळ-संध्याकाळ रांग लागते. प्रत्येकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) संगणकात पडतात आणि नेट असेल तेव्हा संस्थेच्या सर्व्हरवर जातात. संगणकावर उबुंटू, प्रोग्राम पायथन भाषेतला, आणि पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठी जीटीके. दराचं कोष्टक पटकन बसलं. खरा वेळ गेला तो ‘नेट असेल तेव्हा’ ही अट पाळण्यात.

तिथे आधी जो प्रोग्राम होता तो दर मिनिटाला एका ठरावीक पत्त्याला पिंग करायचा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघायचा. नेट मंद असलं की उत्तराची वाट बघत पडदा गोठायचा आणि कॅन घेतलेली माणसं ताटकळायची. शिवाय काही नेटवर्कांवर पिंग अडवलेलंच असतं, बाकी सगळं चालू असतं. म्हणून मी ठरवलं, प्रोग्रामने स्वतः चाचपडायचं नाही, ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायचं. उबुंटूसारख्या लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर ही सेवा हे काम सतत करत असते, आणि बदल झाला की डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रामांनी आपापसात निरोप द्यायच्या वाटेवरून, सगळ्यांना कळवते. जीटीकेच्या खालच्या जीलिब या लायब्ररीत २०१२पासून जीनेटवर्कमॉनिटर आहे, ते ही माहिती प्रोग्रामला देतं. त्याच्या ‘नेटवर्क-चेंज्ड’ संकेताला आपलं फंक्शन जोडलं की पुन्हा पुन्हा विचारायची गरज उरत नाही.

पहिली अडचण दिवे गेल्यावर समोर आली. केंद्रातला राउटर इन्व्हर्टरवर चालू होता, पण पुढे इंटरनेट कंपनीची पेटी बंद. वायफायच्या पट्ट्या भरलेल्या, प्रोग्रामच्या मते नेट हजर, आणि नोंद एकही जाईना. सचिव अण्णा विचारत होते, “पट्ट्या तर सगळ्या दिसतायत, मग अडलंय कुठं?” उत्तर जीलिबच्या माहितीपुस्तिकेतच आहे. ‘नेटवर्क उपलब्ध’ याचा तिथला अर्थ एवढाच, की बाहेर जायचा डीफॉल्ट मार्ग संगणकाला माहीत आहे. त्या मार्गाने इंटरनेट गाठता येतं का, याची हमी त्यात नाही. विजेचा लपंडाव असलेल्या गावात हा फरक रोजचाच.

मग मी ‘कनेक्टिव्हिटी’ हा गुणधर्म वापरायला घेतला. त्यात अवस्था चार: फक्त स्थानिक, मर्यादित, लॉगिनचं पान मागणारं वायफाय आणि पूर्ण. हे ठरवण्यासाठी नेटवर्कमॅनेजर एक छोटं पान मागवून बघतो. उबुंटूचं, फेडोराचं, डेबियनचं अशी प्रत्येकाची तपासणीची जागा वेगळी. पान मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर ठेवतात, कारण लॉगिन मागणारं वायफाय मधेच स्वतःचं पान सरकवतं आणि त्यावरूनच ते ओळखू येतं. मला ही युक्ती फार आवडली.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. प्रत्येक अवस्थेला आतून एक आकडा असतो. नेटवर्कमॅनेजरच्या आकड्यांत लॉगिनची अवस्था २ आणि मर्यादित ३. जीलिबमध्ये नेमकं उलट, मर्यादित २ आणि लॉगिन ३. दोन्हीकडून माहिती घेणाऱ्याने आकडे कधी वापरू नयेत, नावंच वापरावीत. दुसरी गोष्ट अंतराची. वेगळं काही सांगितलं नसेल तर ही तपासणी दर ३०० सेकंदांनी होते. मार्ग तसाच राहून पलीकडचं नेट गेलं, तर पाच मिनिटं प्रोग्राम जुन्याच समजुतीत राहू शकतो. त्यामुळे एखादी नोंद पाठवताना अपयश आलं की मी डी-बसवरून ‘चेककनेक्टिव्हिटी’ला हाक मारतो, म्हणजे तपासणी लगेच होते. आणि काही ठिकाणी ही तपासणी बंदच ठेवलेली असते. ती चालू आहे का, हे आधी बघून घ्यावं.

वायफाय नसलं की अण्णा मोबाईलचं हॉटस्पॉट लावतात. त्यांचा डेटा आपण का उडवायचा? सुदैवाने अँड्रॉइडचं हॉटस्पॉट आयपी पत्ता देतानाच आपण मोजणीचं नेट आहोत अशी खूण पाठवतं. नेटवर्कमॅनेजर ती ओळखतो आणि जीलिब ‘मीटर्ड’ या गुणधर्मातून आपल्यापर्यंत पोचवतं. अशा वेळी माझा प्रोग्राम फक्त त्या पाळीच्या नोंदी पाठवतो. महिन्याचे अहवाल आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती वायफायची वाट बघतात. डेस्कटॉपवरच्या बऱ्याच प्रोग्रामांनी एवढी कदर करायला हवी.

हे सगळं झाल्यावरही एक ठाम मत झालं: सिस्टीमचं उत्तर हा प्रयत्न करण्याचा इशारा समजावा, खात्री समजू नये. इंटरनेट पूर्ण असेल आणि संस्थेचा सर्व्हर बंद असेल, हेही होतंच. म्हणून प्रत्येक नोंद आधी केंद्रातल्याच संगणकावरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरते आणि सर्व्हरने तिचा क्रमांक परत पाठवल्यावरच ‘पोचली’ अशी खूण होते. मधेच तार तुटली तर तीच नोंद पुन्हा जाते. तिला केंद्रातच क्रमांक दिलेला असल्यामुळे सर्व्हर ती दुसऱ्यांदा धरत नाही आणि कुणाच्या खात्यावर दूध दुप्पट पडत नाही.

शेवटी खालच्या पट्टीतला हिरवा-लाल ठिपका काढून टाकला. अण्णांना नेटच्या अवस्थेशी देणंघेणं नाही, सकाळच्या नोंदी पोचल्या का एवढंच हवं असतं. आता तिथे पाठवायच्या नोंदी किती उरल्या आणि शेवटची कधी पोचली, हे लिहून येतं. लॉगिन मागणारं वायफाय असेल तरच शेजारी एक बटण दिसतं, आणि त्यावर टिचकी मारली की ब्राउझर उघडतो.