मायची पेटी मी भंगारात विकली

घरकुलाचा शेवटचा हप्ता मार्चात जमा झाला आणि माय म्हणाली, "अखजीले निघू." म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे हातात महिनाभर. शासनाचे 1 लाख 20 हजार, वर आमच्या कापसाचे आणि बायकोच्या बचत गटाचे, असं करून घर उभं राहिलं होतं. नियमाचं घर 269 चौरस फुटांचं, तेवढंच आमचंही. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. कागदोपत्री खोल्या दोनच, पण ओसरी आहे, बैल होते तेव्हाची सपरी आहे, आणि माळा आहे. खरं घर माळ्यावरच होतं, हे शिडी लावल्यावर कळलं.

एप्रिलात आमच्या यवतमाळच्या कळंबकडं सकाळचे नऊ वाजले की पत्र्याला हात लावता येत नाही. म्हणून पहाटे पाच ते नऊ एवढाच वेळ धरला. त्यात माय चार दिवस बहिणीकडं आर्णीला गेली. मला वाटलं, चला, बरं झालं. ती असली की फुटका डबाही जागचा हलत नाही. ती नसताना सपाटा लावू.

आणि लावलाच. दोन दिवसांत भंगारवाल्याची गाडी भरून गेली. तुटक्या खाटेचे पाय, डवऱ्याची गंजलेली पास, दोन कूलर. विदर्भातल्या घरात कूलर किती असतात हे त्या घरातल्या माणसालाही सांगता येत नाही. एक चालू असतो, एकाची मोटर दुसऱ्यात गेलेली असते, आणि तिसऱ्याचा नुसता टप उरतो, पाणी गळणारा. माळ्यावर एक निळी पत्र्याची पेटी होती. झाकण उघडून पाहिलं तर बी-बियाण्याच्या पावत्या, सोसायटीचे कागद, वाळवीनं खाल्लेलं पंचांग. वरवर चाळलं आणि पेटीसकट रद्दीत दिलं. सगळ्या गाडीचे मिळून 1 हजार 340 रुपये आले. मी खूश.

माय आली, ओसरीत बसली, पाणी पेली आणि वर माळ्याकडं पाहिलं.

"निळी पेटी कुठं हाय?"

"विकली. पावत्याच होत्या नुसत्या."

"साऱ्या पाहिल्या?"

मी काही बोललो नाही.

"त्याच्यातच तं तुह्या बापाचा शायेचा दाखला हाय," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेक बारावी सायन्सला. पुढच्या प्रवेशासाठी जातीची वैधता लागणार. आम्ही इतर मागासवर्गात येतो, आणि आमच्या लोकांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. बापाचा चौथी पास झाल्याचा दाखला 1956 सालचा. तेव्हा विदर्भ मध्यप्रदेशात होता, 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला. म्हणून त्या दाखल्यावर डोक्यावरच मध्यप्रदेश असं छापलेलं आहे, आणि खाली जातीच्या रकान्यात बाबाची जात शाईनं लिहिलेली. शाळेतून नक्कल काढता येईल म्हणून दुसऱ्या दिवशी आधी तिथं गेलो, तर जुन्या रजिस्टरांवर पावसाचं पाणी पडून पानांचा लगदा झालेला. एकाला एक चिकटलेली. मास्तर म्हणाले, पाहतो. त्यांच्या 'पाहतो'चा अर्थ मला माहीत होता.

तिथूनच मोटरसायकल काढली ती थेट भंगाराच्या वाड्यात. रद्दीची गाडी परवा जाणार होती, हे नशीब. वाड्याच्या मालकानं ढीग दाखवला आणि म्हणाला, शोधा. अकरा ते तीन मी त्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून कागद उपसत होतो. पेटी रिकामी होऊन कधीच वेगळ्या ढिगात गेली होती. दाखला शेवटी सापडला तो कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत, घडी करून, तोंडाला सुतळी बांधलेली. बाबानं वाळवीपासून वाचवायला ठेवला असावा. एक कोपरा तरीही खाल्लेला होता, पण तारीख शाबूत, जात शाबूत. मालकानं रद्दीच्या भावानं पैसे घेतले. पिशवीसकट दोन रुपये. वजनच तेवढं भरलं.

त्यानंतर मी कागदाला कात्री लावली नाही. सातबारा, फेरफार, वाटणीचा कागद, कर्जमाफीनंतरचा बँकेचा निल दाखला, बाबाचा मृत्यूदाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात आणि त्याचे फोटो लेकीच्या मोबाइलात. दहा वर्षांपूर्वीची विजेची बिलं मात्र चुलीत गेली.

दुसरी फेरी मायच्या पद्धतीनं झाली. पहाटे अंगणात निंबाखाली खाट टाकायची, तिनं बसायचं, मी आतून एकेक वस्तू आणून समोर ठेवायची. मला वाटलं होतं ती 'ठेव, ठेव' म्हणत राहील. तसं झालं नाही. मी विचारायचो, हे लागते का? ती विचारायची, हे कोणाले लागते? दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण उत्तरं वेगळी निघतात.

ढोली काढायला गेलो तर ती दारातून निघेचना. बांबूची, आतबाहेर शेणामातीनं सारवलेली, पाच-सहा पोते तूर मावेल एवढी. चौकट नंतर अरुंद बसवली असणार. तोडावी म्हणून कोयता घेतला. माय म्हणाली, "तोड, पन अर्धी. बूड ठेव." त्या बुडात शेजारच्या काकूची बकरीची पिल्लं राहतात आता.

जात्यावर मात्र अडलं. नव्या घरात जागा नाही, आणि लग्नात हळद दळायला जातं लागतंच. आळीत विचारलं तर पाच घरांत जाती, पाचही धूळ खात. मग सगळ्यांत चांगलं एक निवडलं, त्याला टाकी लावून घेतली आणि मारुतीच्या पारावर ठेवलं. ज्याच्या घरी लग्न, त्यानं न्यायचं. बाकीच्यांनी आपापल्या जात्यांचं काय करायचं ते करावं. आमचं अंगणात पायरी झालं.

पोळ्याचं सामान मी लपवूनच ठेवलं होतं, माय रडेल म्हणून. बैल विकून सात वर्षं झाली. मठाट्या, झूल, पितळी घुंगरांच्या माळा, शिंगांना लावायच्या बेगडाचा एक कडक झालेला तुकडा. तिनं झूल उलगडली, उंदरांनी कुरतडलेली भोकं मोजली आणि म्हणाली, "त्या खालच्या आळीतल्या पोट्ट्याकडं जोडी हाय ना? त्याले दे. सांग, पोळ्याले बैल आमच्या दारी आनजो." झालं.

पितळेचे दोन गुंड आणि एक गंज, अशी भांडी विकायची ठरली, कारण घासणार कोण. फेरीवाल्यानं आकड्याचा काटा लावला, 6 किलो 200. बायकोनं हळूच आमचा कापसाचा काटा काढला. 7 किलो 50. फेरीवाला म्हणाला, वहिनी, माझा काटा उन्हानं हलला असेल. पितळ आधी घरी मोजा, एवढंच सांगतो. महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि कोठ्या कोणी विचारल्याच नाहीत. त्या सगळ्यांच्या आधी नव्या घरी गेल्या.

सपरीच्या कोनाड्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या निघाल्या, अर्ध्या भरलेल्या, मुदत गेलेल्या, एकीवर चिठ्ठीच नाही. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून मला त्या बाटल्यांची भीतीच वाटते. नाल्यात ओतल्या असत्या तर गावची ढोरं तिथंच पाणी पितात. जाळल्या असत्या तर धूर. कृषी सहायकाला फोन केला, त्यानं कुलूपबंद ठेवा आणि कोणाला देऊ नका एवढं सांगितलं आणि विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. बाटल्या आजही एका डब्यात, कुलूप लावून, किल्ली माझ्या कमरेला.

अखजीच्या सकाळी ट्रॅक्टरच्या दोन खेपांत सगळं सामान गेलं. पितरांची घागर मायनं नव्या घरातच भरली.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. शेतातून आलो तर दारासमोर कूलरचा टप. गळणारा, आमचाच, कडेला बाबानं एमसील लावलेलं होतं तेच. त्यात माती भरलेली आणि मेथी उगवून आलेली. भंगारवाल्याकडं तो पडून होता, खपत नव्हता म्हणे. मी त्याला 210 रुपयांना विकला होता. मायनं 250 ला परत आणला.

"गयते तं बरंच," ती म्हणाली. "पानी साचत नाही."