दोन व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि सोसायटीचे ऑफिस

हेडफोनसाठी दोन व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांपैकी (काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, आवाज वाढवणाऱ्या यंत्रांपैकी) कोणता ठेवायचा, एवढेच मला ठरवायचे होते. दोन्ही यंत्रे माझ्या टेबलावर होती, ऐकायला रात्री मोकळ्या होत्या आणि पंधरा दिवसांत निकाल लागेल अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात अकरा आठवडे लागले आणि त्यांतले सात आमच्या सोसायटीच्या ऑफिसने खाल्ले. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला आम्ही राहतो. इमारत फार जुनी नाही, मेंटेनन्स वेळच्या वेळी भरला जातो, आणि तरीही हे घडले; म्हणून सगळे लिहून ठेवतो आहे.

गेली काही वर्षे माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन आहे. घरातले झोपल्यावर लॅपटॉप, एक छोटा डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी) आणि साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर एवढ्या सरंजामावर मी ख्याल ऐकत असे, आणि त्यात ऐकण्याजोगी उणीव होती असे मी म्हणणार नाही. व्हॉल्व्हची ओढ वडिलांच्या रेडिओपासूनची. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काहीच ऐकू न येणे आणि मग आवाज हळूहळू वर येणे, याचे मला लहानपणापासून अप्रूप आहे. हा तर्क नव्हे, हौस आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

पहिला ॲम्प्लिफायर मित्राचा, ओटीएल जातीचा, म्हणजे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेला. त्यात पुढे ६एसएन७ हा छोटा व्हॉल्व्ह आणि आउटपुटला ६०८० हा जाडजूड व्हॉल्व्ह. ६०८० मुळात पॉवर सप्लायमधला व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी केलेला. त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने हेडफोनवाल्यांनी तो आपलासा केला. दुसरा पुण्याच्या एका गृहस्थांचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेला, वजनाला पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. तो मी पुण्याहून येताना गाडीत पायाशी उशीवर ठेवून आणला. दोघेही विकायला तयार होते. मित्र म्हणाला, घाई नाही. पुण्याच्या काकांनी मात्र "महिनाभर ऐका, मग पैसे द्या नाहीतर यंत्र द्या," असे स्पष्ट सांगितले होते.

या दोन जातींतला फरक कागदावर सरळ आहे. माझ्या मित्राच्या ओटीएलचा आउटपुट रोध १२० ओहमच्या आसपास. एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन, पण खर्जाच्या भागात त्याचा रोध ५०० ओहमच्या आसपास चढतो. गणित केले तर तिथे आवाज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो, आणि ओटीएलचा जो 'भरदार'पणा लोक वाखाणतात त्याचा बराचसा भाग हाच. तोच ॲम्प्लिफायर माझ्या मुलीच्या ३८ ओहमच्या ऑडिओ-टेक्निकाला लावला की सिग्नलचा जेमतेम चौथा हिस्सा हेडफोनपर्यंत पोहोचतो. म्हणजे बारा डेसिबल आवाज वाटेतच गेला. ट्रान्सफॉर्मरवाल्याला दोन्ही चालतात. तेव्हा घरात कमी ओहमचाच हेडफोन असेल तर ओटीएलच्या वाटेला जाऊच नये; माझ्याकडे मुख्य हेडफोन ३०० ओहमचा असल्याने खरी निवड कानांनी करायची होती.

आणि कानांनी करायला बसलो तेव्हा पहिल्याच रात्री गुणगुण ऐकू आली. आवाज मोठा नव्हता. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला तंबोरा सुरू झाला आणि त्याचा पंचम मला किंचित उतरलेला वाटला. रेकॉर्डिंग माझ्या ओळखीचे, शेकडो वेळा ऐकलेले, आणि त्या गायकाचा तंबोरा उतरलेला असणे शक्य नव्हते. मी गाणे थांबवले तरी 'पंचम' चालूच राहिला. काळी एकच्या तंबोऱ्यातला मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या जवळ असतो, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची दुप्पट १०० हर्ट्झ. इतक्या जवळचे दोन आवाज एकमेकांना घासतात आणि सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. स्त्रीगायिकेच्या ध्वनिमुद्रणात, जिथे तंबोरा वर लागलेला असतो, गुणगुण वेगळी कळते. पुरुषाच्या गाण्यात मात्र ती तंबोऱ्याच्या पोटात शिरते. अशा अवस्थेत कुठला ॲम्प्लिफायर चांगला याचा निवाडा काय करणार?

इथे मी पहिली चूक केली. व्हॉल्व्हच जुने झाले असतील असे मानून मी एक ६०८० आणि दोन ६एसएन७ मागवले. पैसे गेले आणि गुणगुण जशीच्या तशी राहिली. मग डोके वापरले. डॅकच्या केबली काढल्या तर ओटीएल जवळजवळ शांत. केबली लावून लॅपटॉपचा चार्जर काढला तर गुणगुण अर्ध्यावर. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर बोट टेकवले की आवाज बदले आणि बोटाला मुंग्या आल्यासारखे होई. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. दुसऱ्या ॲम्प्लिफायरचीही हीच कथा. दोन वेगळ्या माणसांकडून आलेल्या, दोन वेगळ्या बनावटीच्या यंत्रांत एकच दोष असू शकत नाही, एवढे कळायला मला बारा दिवस लागले.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरने सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २४३ व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट असायला हवेत. दुपारी ४१ निघाले आणि रात्री मी स्वतः मोजले तेव्हा ८०च्या पुढे. म्हणजे भिंतीत अर्थची तार होती, तिसऱ्या पिनला जोडलेलीही होती, पण ती जमिनीपर्यंत पोहोचत नव्हती. सगळ्या घरांतले फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि चार्जर यांची थोडी थोडी गळती त्या तारेत साठून ती अधांतरी तरंगत होती, आणि माझा ॲम्प्लिफायर त्या तरंगत्या तारेला बांधलेला होता. वायरमन म्हणाला, फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघू. मी नको म्हटले, कारण अर्थ तुटलेली असताना तसा बल्ब लावला तर त्यातून फेज साऱ्या इमारतीच्या अर्थवर जाईल आणि कुणाच्या तरी फ्रिजचा दरवाजा मारायला लागेल. एका परिचिताने प्लगची अर्थची पिनच कापण्याचा सल्ला दिला. तो कुणीही ऐकू नये. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आत दीडशे ते तीनशे व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि आत काही सुटून पत्र्याला लागले तर आपल्याला वाचवणारी तीच पिन असते.

आता सोसायटी. अर्थिंगचा खड्डा सामाईक, म्हणून मी ऑफिसात लेखी अर्ज दिला. मॅनेजरांनी तो वाचला आणि विचारले, "साहेब, तुमचं मशीन कुठलं आहे? कंपनीला कळवलंत का?" मी म्हटले, यंत्राचा प्रश्न नाही, इमारतीच्या अर्थिंगचा आहे. त्यांनी अर्जावर 'ॲम्प्लिफायरमधून आवाज येत असल्याबाबत' असा विषय स्वतःच्या हाताने लिहिला आणि फाइलला लावला. त्या एका ओळीने माझे पाच आठवडे घेतले. समितीची बैठक महिन्यातून एकदा. तिथे माझा अर्ज वाचला गेला आणि एका सदनिकेतल्या गाण्याच्या हौसेसाठी सर्वांच्या पैशातून खड्डा का खणावा, असा प्रश्न आला. त्यावर कुणी तरी आणखी तीन सदनिकांची तक्रार असल्याशिवाय विषय घेऊ नये असे सुचवले. मी तीन घरी जाऊन मीटरने मोजमाप केले, आकडे लिहून सह्या आणल्या. मग तीन कोटेशने मागितली गेली. दोन आली, तिसऱ्यासाठी थांबायचे ठरले. मधल्या काळात मी ऑफिसात आठ वेळा गेलो, आणि प्रत्येक वेळी मला "विषय पटलावर आहे" एवढेच उत्तर मिळाले. पुण्याच्या काकांचा महिना संपून वर दोन आठवडे झाले होते, आणि त्यांचा फोन आला की मी तो दुसऱ्या खोलीत जाऊन घेत असे.

गाडे हलले ते पाण्याच्या कूलरमुळे. ऑफिसबाहेर एक स्टीलचा कूलर आहे आणि त्याच्यासमोर जमिनीवर लाकडी फळी टाकलेली आहे. इतके दिवस मी तिच्यावरूनच ये-जा करत होतो. आठव्या फेरीला मी सहज शिपायाला विचारले की ही फळी कशासाठी. तो म्हणाला, "अनवाणी पाण्याला हात लावला की मुंग्या येतात ना, म्हणून टाकली." कधीपासून, विचारले तर म्हणाला, पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हापासून. मी घरी जाऊन मीटर आणला, मॅनेजरांना बाहेर बोलावले आणि कूलरचा पत्रा व शेजारच्या नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये तारा धरल्या. आकडा ७२ वर थांबला. मॅनेजर बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी चेअरमनना फोन लावला. त्या दिवसापासून 'ॲम्प्लिफायरमधून आवाज' हा विषय फाइलीतून नाहीसा झाला आणि तिसऱ्या कोटेशनची गरज कुणाला भासली नाही.

ब्लॉक उचलल्यावर काय ते कळले. अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण ब्लॉकखाली गाडले गेले होते आणि मीटरच्या खोलीतून येणारी अर्थची जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी जमीन सपाट करताना तुटून वाकलेली होती. कोळसा-मीठ घातलेल्या जुन्या खड्ड्यात वर्षानुवर्षे कुणी पाणी ओतले नव्हते. नव्याने तांबे चढवलेला रॉड आणि केमिकलचे अर्थिंग केले, मीटरच्या खोलीपर्यंत नवी पट्टी टाकली, आणि ठेकेदाराच्या अर्थ टेस्टरवर साडेतीन ओहम आले. संध्याकाळी माझ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.४ व्होल्ट. कूलरसमोरची फळी मात्र अजून तिथेच आहे.

त्या रात्री केबली लावल्या, चार्जरही लावला, आवाजाची खुंटी नेहमीच्या जागेच्या बरीच पुढे नेली आणि कानाला काहीच ऐकू आले नाही. मला झालेला आनंद यंत्रांच्या किमतीच्या मानाने जरा जास्तच होता. पुढचा निवाडा तीन बैठकांत झाला. ट्रान्सफॉर्मरवाला अधिक आवरलेला, तबल्याच्या बायाचा ठोका त्यात अधिक घट्ट लागतो, आणि घरात अनेक तऱ्हेचे हेडफोन असतील तर मी डोळे मिटून तोच घ्या म्हणेन. पण विलंबित ख्यालात गायक मंद्रात उतरतो तेव्हा ओटीएलमध्ये आवाजाला जे अंग येते, ते एक डेसिबलचे गणित माहीत असूनही मला सोडवले नाही. मी ओटीएल ठेवला. पुण्याच्या काकांना यंत्र परत देताना उशिराबद्दल माफी मागितली. त्यांनी आधी कारण विचारले आणि मग माझ्याच मीटरने स्वतःच्या घरचा सॉकेट मोजून घेतला.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता आठवल्या. ओटीएलच्या मागे २२० व्होल्ट असे छापलेले होते, आणि आमच्याकडे रात्री अकरानंतर २४६ सुद्धा दिसतात. त्या हिशेबाने व्हॉल्व्हला आतून तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर जळतो, तर दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे मानतात. मी एक जुना छोटा डिमरस्टॅट (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करण्याचे यंत्र) घेऊन तो २२२ वर ठेवला आहे. अर्थची तार त्यातून अखंड पुढे जाते ना, हे तपासूनच लावावा. ट्रान्सफॉर्मरवाल्याला मागे २४० ची निवड होती, म्हणून तिथे हा खटाटोप नव्हता. शिवाय एकट्या ६०८० चा हीटर सोळा वॅटच्या आसपास वीज खातो, त्यामुळे मे महिन्यात बंद खोलीत टेबलाजवळ बसवत नाही. आणि ओटीएल सुरू करताना हेडफोन लावलेला नसावा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आउटपुटला जो धक्का येतो तो हेडफोनला सोसावा लागतो, म्हणून मी बटण दाबतो, पाण्याचा तांब्या भरून आणतो आणि मग जॅक लावतो. बंद करताना आधी जॅक काढतो.