साबणाचाच वास हवा, तर परफ्यूम कशाला?

“साबणाचाच वास हवा असेल तर साबण आहे की घरात. परफ्यूमवर पैसे कशाला घालवायचे?” हा प्रश्न वहिनीने विचारलाय, क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलाय, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दुकानातल्या मुलानेही जरा मऊ शब्दांत विचारलाय. माझी नेहमीची बाटली मिळायची बंद झाली आणि मी नवी शोधते आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पाठोपाठ दुसराही प्रश्न येतो, “अजून मिळालं नाही?” आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

मला साबणाचा वास नको आहे. लिंबाचं पान बोटांत चुरगळल्यावर येतो तो हवा आहे. माठात वाळ्याची जुडी टाकली की दुसऱ्या दिवशी पाण्याला येतो तो. गच्चीवर कडक उन्हात वाळलेली सुती चादर घडी घालताना नाकाशी येते तेव्हाचा. यातलं काहीही साबण नाही. दुकानात मात्र मी “फ्रेश, क्लीन काहीतरी दाखवा” म्हटलं की हमखास समोर येतं ते कपड्यांच्या पावडरीसारखं, नाहीतर कापून ठेवलेल्या कलिंगडासारखं. ते कलिंगड कुठून येतं तेही सांगते. कॅलोन नावाचा एक रेणू आहे, 1966 साली एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलेला. नव्वदच्या दशकात ‘समुद्राची हवा’ म्हणून तो बाटल्याबाटल्यांत शिरला. ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल लावावा. मला त्यात समुद्र कधी सापडला नाही.

आता तुमच्या बाजूचं एक मान्य करते. ‘स्वच्छ’ म्हणून जो वास आपल्या डोक्यात बसलाय त्यातला मोठा भाग खरोखरच धुण्याच्या पावडरीने शिकवलेला आहे. गॅलॅक्सोलाइडसारखी पांढऱ्या कस्तुरीच्या जातीची कृत्रिम द्रव्यं 1960 च्या दशकात आली. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे कपडा खळबळला, पिळला, वाळवला तरी धाग्याला धरून राहतात. साबणवाल्यांना हेच हवं होतं. आपण लहानपणापासून धुतलेल्या कपड्यांना तो वास घेत आलो आणि तोच स्वच्छतेचा वास, असं नाकाने ठरवून टाकलं. पुढे परफ्यूमवाल्यांनी तेच द्रव्य बाटलीत भरून आपल्याला परत विकलं. म्हणजे वहिनीचा प्रश्न अगदीच हवेतला नाही. पण तिचंच दुसरं वाक्य घ्या, “ताई, तुमच्या परफ्यूमला मुळात वासच येत नाही.” याचंही कारण आहे. काही माणसांना ठरावीक कस्तुरीद्रव्यांचा वास अजिबात येत नाही, बाकी नाक उत्तम चालत असूनही. तिला येत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, “मग मला न येणाऱ्या वासाचे एवढे पैसे?” तिथे आमचं बोलणं थांबलं.

“टिकत नाही” ही तर कायमची तक्रार. नाहीच टिकत. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच घराण्यातलं एक फळ) यांच्या तेलातले रेणू हलके असतात. अंगाच्या उबेने उडतात, म्हणूनच तर ते चटकन नाकाशी येतात. ज्या गुणामुळे ते ताजे वाटतात त्याच गुणामुळे ते अर्ध्यापाऊण तासात निघून जातात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर त्याहून लवकर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरीना नावाचा इटालियन माणूस जर्मनीतल्या कोलोनमध्ये असलं पाणी बनवायला लागला. या वासाने मला इटलीतली पावसानंतरची वसंतातली सकाळ आठवते, असं त्याने भावाला कळवलं होतं. तेच ते ओ द कोलोन, आपल्या आजी-आईच्या कपाटातलं कोलनवॉटर. ते दिवसभर टिकावं अशी त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. पुन्हा लावायचं, एवढंच. मी दहा मिलीची छोटी बाटली पर्समध्ये ठेवते आणि दुपारी पुन्हा लावते. यात कुणाला एवढं खटकण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

आणि माझं काम विसरू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर कुणाचा तरी खांदा, कुणाची तरी मान माझ्या हातात असते आणि त्यांचं नाक माझ्यापासून वीतभरावर. दुखण्याने आधीच कावलेल्या माणसाला माझा ऊद किंवा व्हॅनिला सोसायला लावणं मला पटत नाही.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड प्रश्न एकानेच विचारला, माझ्या थोरल्या भावाने. दादा निफाडजवळ आमची शेती बघतो. मागच्या श्रावणात चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, कांदा निवडता निवडता, मान वर न करता म्हणाला, “तुला कांद्याच्या वासाची लाज वाटते म्हणून हे सगळं आहे ना?”

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, जरा जास्तच लगेच. आणि घरी येईपर्यंत माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं.

ज्यांच्याकडे चाळ आहे त्यांना श्रावण सांगायला नको. उन्हाळ कांदा चाळीत भरून दोन-तीन महिने झालेले, हवा दमट, सडायला सुरुवात झालेली. रोज निवडायचा, सडका बाजूला, कोंब आलेला बाजूला, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी. तो वास हातांत, केसांत, दप्तराच्या कापडात बसतो. मी अकरावीला नाशिकला हॉस्टेलवर आले. शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत, असा माझा क्रम होता. सोमवारी माझी पिशवी खोलीबाहेर गॅलरीत ठेवायची हा मुलींनी न बोलता केलेला नियम होता. मी तो पाळत होते. मला त्याचं फार काही वाटत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. वाटत होतं.

अशाच एका सोमवारी पाऊस होता. मी भिजलेल्या कपड्यांनी आले आणि बदलायला वेळ नव्हता, पहिलंच केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. खोलीतली एकजण म्हणाली, “थांब, असं कशी जाशील?” आणि तिच्या मामाने दुबईहून आणलेलं परफ्यूम तिने माझ्या गळ्यावर, पाठीवर, वेणीवर मारलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. गोड, जड, गुलाब आणि मधासारखं काहीतरी होतं. ओल्या कपड्यातल्या सडक्या कांद्यावर ते बसलं आणि दोन्हींपेक्षा वेगळा, तिसराच वास तयार झाला. मला तो येत होता. जिन्यावर लक्षात आलं की पुढच्या मुली भरभर चालतायत.

प्रयोगशाळेत पावसामुळे खिडक्या लावलेल्या. क्षारांचं परीक्षण चाललं होतं, त्यासाठी कोपऱ्यात किप्स अ‍ॅपरेटस असायचं, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करायचं उपकरण. सर आत आले, थबकले, आणि सरळ त्या कोपऱ्यात गेले. तोटी बघितली. पुन्हा बघितली. “कोणी उघडं ठेवलंय? गळतंय हे.” कुणी बोलेना. त्यांनी नळी काढली, लावली, नाक जवळ नेलं, आणि त्यांचा चेहरा गोंधळला, कारण वास तिथून येत नव्हता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी माझं नाव घेतलं. फक्त नाव. सर माझ्याकडे वळले आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांना कळलं, कारण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “तू जरा बाहेर मोकळ्या हवेत उभी राहतेस का?” रागावले असते तर बरं झालं असतं. मी प्रॅक्टिकल संपेपर्यंत व्हरांड्यात उभी होते. आतून टेस्टट्यूबांचा आवाज येत होता. खिडक्या उघडल्या गेल्या, पाऊस आत येऊ लागला तरी कुणी त्या लावल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी घरी गेले. मी काही सांगितलं नाही. निघताना आईने कपाटातली कोलनवॉटरची बाटली माझ्या पिशवीत ठेवली. आमच्याकडे ती ताप आला की बाहेर निघायची, कपाळावर पट्ट्या ठेवायला. मी हॉस्टेलवर ती रुमालावर घ्यायला लागले आणि तो वास माझा झाला. त्याने कांदा झाकला नाही, झाकायचा प्रयत्नही केला नाही. तो बाजूला उभा राहायचा आणि थोड्या वेळाने निघून जायचा.

पुढची कितीतरी वर्षं मी ही गोष्ट स्वतःला अशी सांगितली की आईला सगळं कळलं होतं, आईने मला वाचवलं, आणि माझी आवड तिथून सुरू झाली. याचा अर्थ दादा म्हणतो ते बरोबर. आवड कसली, ती जखम. पण मग लिंबाचं पान? ते तर मी चौथी-पाचवीत असल्यापासून दप्तरात ठेवायची. वाळ्याच्या पाण्यासाठी आजीच्या माठाशी मी हॉस्टेलच्या कितीतरी आधी घुटमळायचे. मग कोणती मी खरी?

दादाच्या प्रश्नानंतर मी आईला फोन करून विचारलं, ती बाटली का दिली होतीस? आई म्हणाली, “कोलनवॉटर? हॉस्टेलला राहणारी पोर, ताप आला तर जवळ असावं म्हणून दिलं असेल.” तिला काहीच आठवत नव्हतं. प्रॅक्टिकलचं तर तिला आजही माहीत नाही. मी एवढी मोठी गोष्ट जिच्यावर उभी केली ती बाटली बहुधा फक्त तापासाठी होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला अलीकडे कळली आणि तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाच्या नात्यातलं फळ, फ्रेश परफ्यूममध्ये फार वापरतात. त्याला त्याचा ओळखीचा वास देणारं एक मुख्य द्रव्य 1982 साली शोधलं गेलं, आणि ते गंधकाचं संयुग आहे. कांद्याचा वासही गंधकाच्या संयुगांचाच. ते द्रव्य अब्जांशाहूनही कितीतरी कमी असलं तरी नाकाला कळतं. प्रमाण वाढलं की तेच उग्र होतं. आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला सोव्हिन्यों ब्लां नावाची वाईन होते ना, तिच्यातला पेरू-ग्रेपफ्रूटचा वासही याच घराण्यातला. म्हणजे ज्या वासापासून मी पळाले म्हणता, त्याचाच सख्खा नातेवाईक माझ्या आवडत्या बाटलीत बसलेला होता. हे दादाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याने याचा अर्थ त्याचा मुद्दा सिद्ध झाला असा घेतला. मी उलटा घेतला. दोघांपैकी कुणाचं बरोबर ते आम्हाला ठरवता आलेलं नाही.

तर शोध असा चालू आहे. एका वेळी दोन-तीनच वास घ्यायचे, त्यापुढे नाक दमतं. दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, त्यांचा मला उपयोग होत नाही. बाहेर येऊन साध्या हवेत उभं राहिलं की बरं वाटतं. कागदाच्या पट्टीवर आवडलं म्हणून घ्यायचं नाही. मनगटावर घ्यायचं, ओढणीच्या टोकाला लावायचं आणि घरी जायचं. लिंबू-बर्गमॉट उडून गेल्यावर खाली काय उरतं ते संध्याकाळी कळतं, आणि उरणारं तेच आपल्याला दिवसभर वागवायचं असतं. बहुतेक ठिकाणी उरते ती तीच पावडर. पुरुषांच्या कपाटातलंही बघते. 1966 च्या दिओरच्या ‘ओ सोव्हाज’मध्ये ते परफ्यूम बनवणाऱ्या एदमों रुदनित्स्काने हेडिओन नावाचं कृत्रिम द्रव्य वापरलं, चमेलीचा जडपणा काढून तिच्यातली नुसती हवा ठेवावी तसं. ते बायकांनी लावायचं नाही असं कुठे लिहिलंय? “नैसर्गिक लिंबाचं तेलच लाव” म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडते. लिंबाचं, बर्गमॉटचं कच्चं तेल कातडीवर लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

भद्रकालीतल्या एका अत्तरवाल्याकडेही गेले. ते आधी गुलाब काढायला लागले. नको म्हटलं तर म्हणाले, “गुलशनाबादमध्ये राहून गुलाब नको?” मोगलांच्या काळातलं नाशिकचं हे नाव त्यांच्या तोंडी अजून आहे. मग त्यांनी खस काढलं, वाळ्याचं अत्तर, कनौजचं. हिरवं, मातकट, गार. वाळ्याच्या तेलातले रेणू जड, त्यामुळे लिंबाच्या घराण्यातले वास जिथे संपतात तिथेही हे चालू राहतं. सकाळी लावलेलं रात्री ओढणीत होतं. ताजं आणि टिकाऊ एकत्र मिळत नाही असं मी वर लिहिलंय, ते या एका मुळाने खोटं पाडलं. पण क्लिनिकसाठी ते मला अजून दाट वाटतं, म्हणून वाळा असलेली हलकी परफ्यूम शोधतेय आणि त्यांचे नमुने मागवतेय.

या वेळी एक परीक्षा मी वाढवली आहे. बाटली घेण्याआधी नमुना लावून चाळीत जायचं आणि दादाबरोबर तासभर कांदा निवडायचा. दादा म्हणतो, कांद्यापुढे तुझं काही टिकणार नाही. न टिको, मला ते चालतं. कांद्यावर चढून बसू नये, एवढंच बघायचंय. मागच्या रविवारी एक लावून गेले होते, महागातलं, ग्रेपफ्रूटचं. दहाव्या मिनिटाला मला व्हरांडा आठवला आणि मी हौदावर जाऊन मनगट धुतलं. वाळ्याचा नमुना पुढच्या रविवारी नेणार आहे.