पापड नको

परवा दुपारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक शाळकरी मुलगी आईबरोबर बसलेली. मिसळ आली तशी तिने आधी पापड उचलला, तर्रीत बुडवला आणि तो पार लुळा पडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. नाशिकच्या मुलीने पापडाची अशी वाट लावावी म्हणजे कारणही तसंच असणार. हसली तेव्हा दिसलं. तारा, त्यांवर निळी रबरं. मटकीच्या वाटेलाही जात नव्हती, नुसता रस्सा ओरपत होती, म्हणजे तार बहुधा कालच घट्ट केलेली. माझाही पापड बाजूलाच पडला होता. मी ओठ वर करून तिला माझ्या तारा दाखवल्या. मुलगी खूश झाली. आईचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. "अगंबाई, तुम्हीपण? या वयात?"

हा प्रश्न आता मला पाठ झालाय. चाळिशीत चष्मा लागला तर कुणी असं विचारत नाही, उलट फ्रेम छान आहे म्हणतात. खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, मध्ये ब्रश पोचत नाही, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हे कारण मी सांगते. ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. अगदीच सबब नाही, असंही नाही म्हणा.

लहानपणी आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो. दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकायचा आणि उंदराला सांगायचं, हा घे नि तुझा दे. माझे वरचे नवे दात आले ते चांगले पुढे आले. आजीने हनुवटी धरून मला माजघरातून उजेडात नेलं, नीट पाहिलं आणि निकाल दिला, "मेल्याने खरंच स्वतःचे दिले!" तेव्हापासून घरात नारळ फोडला की चुलत भावंडं मला हाका मारायची, किसणी सापडत नाहीये म्हणून. आजीचा उपाय साधा होता. रोज सकाळी तिचं तुळशीला पाणी घालून प्रदक्षिणा होईपर्यंत मी पायरीवर बसून अंगठ्याने पुढचे दात मागे दाबायचे. मी इमानाने दाबायची. दात जागचे हलले नाहीत.

गंमत अशी की आजीचं शास्त्र चुकलेलं नव्हतं. दाबल्याने दात सरकतो. फक्त तुळशीच्या प्रदक्षिणेएवढा दाब त्याला पुरत नाही. हलका चालतो, पण रात्रंदिवस लागतो. डॉक्टरबाईंनी मला कागदावर दाढ काढून हे समजावलं. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. तारेने दात रेटला की पुढच्या बाजूला हा थर चेपतो आणि शरीर तिथलं हाड हळूहळू विरघळवायला घेतं. मागच्या बाजूला थर ताणला जातो, तिथे नवं हाड भरत येतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकला तरी चांगलं. दुखतं ते या चेपण्याताणण्याने आणि त्यातून आत जी सूज येते तिने. आणि त्या सुजेतली रसायनंच हाडाचं काम पुढे नेतात. म्हणून आमच्या डॉक्टरबाई आयबुप्रोफेन नको म्हणतात, अगदीच सहन झालं नाही तर पॅरासिटामॉल. सुजेला पूर्ण गप्प केलं तर दाताला सरकवणार कोण?

तर दुखतं. पण हे दुखणं शिस्तीचं आहे. तार बदलून निघताना काहीच वाटत नाही, मी आरामात भाजीबिजी घेऊन घरी येते. तिन्हीसांजेला वरणफोडणीची मिरची चुकून दाताखाली येते तेव्हा पहिली वर्दी मिळते. दुसरा दिवस कडक. त्या दिवशी पोळीचा पापुद्रासुद्धा जाणवतो, आणि दात ओळीने मोजता येतात, कुठला जास्त रागावलाय ते. तिसऱ्या दिवसापासून उतरतं, आठवड्यात विसरायला होतं. माझी पाठ दुखते तिला असला काही धरबंध नाही. कधी येईल, किती राहील, काही सांगत नाही. तिच्यापुढे दात म्हणजे फार सज्जन.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मला खाण्याचा आवाज लागतो. हा माझा जुना हट्ट. माणसांच्या घरांची पारख मी त्यांच्या चिवड्यावरून करते, आणि सादळलेला चिवडा पुढे ठेवणाऱ्यांशी माझं कधी फारसं जमलेलं नाही. चिवडा, शेव, कच्चा कांदा, भाजलेले दाणे, मीठ-तिखट लावलेला अर्धकच्चा पेरू, संक्रांतीला चिक्कीच्या गुळाची ती दात शहारवणारी वडी. सगळ्यावर फुली. कडक काही चावलं की ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेला तुकडा, निघतं, आणि निघालेलं ब्रॅकेट बसवायला गेलं की डॉक्टरबाई काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. (माझं अजून निघालेलं नाही. वेटिंगमध्ये बसून इतरांचं ऐकते.) पेरू बारीक फोडी करून खाता येतो म्हणे. फोडी करून खाल्लेला पेरू मला पेरू वाटत नाही.

मग मऊ भात, मेतकूट, वर तूप. दही-पोहे. मुगाची पातळ खिचडी. पहिले दोन दिवस मला हे मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. पण मऊ पदार्थ करून घालणारी माणसं फार प्रेमळ व्हायला लागतात, हा एक त्रास आहे. नणंद डब्यात रव्याची खीर घेऊन आली आणि मी ती खात असताना समोर बसून माझ्याकडे असं बघत राहिली की मला पथ्याचा रोगी झाल्यासारखं वाटलं. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये तार घट्ट करून घेतलेली बरी. फ्रिजमधली गार द्राक्षं अर्धी कापून दुखऱ्या बाजूला धरून ठेवायची. गारही लागतं, गोडही.

गारव्याचं आणखी एक कारण मला नंतर कळलं. सुरुवातीला लावतात ती तार निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. १९६१च्या सुमाराला तिथल्या एका बैठकीत कुणीतरी घड्या घातलेल्या पट्टीखाली लायटर धरला आणि पट्टी ताणून सरळ झाली. आपला मूळ आकार लक्षात ठेवणारा धातू. दहाएक वर्षांनी तो दातांवर आला. आता यातल्या काही तारा अशा असतात की गार पाण्याने तेवढ्यापुरत्या नरम पडतात आणि गरमाने पुन्हा ताठतात. सकाळचा उकळता चहा घेताना माझे दात एकदम का आवळतात ते तेव्हा उमगलं. चहा सोडलेला नाही. थोडा निवू देते, आणि सासूबाई म्हणतात, "बरं झालं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बसून चहा पितेस."

दाताच्या दुखण्यापेक्षा गालाचं वाईट. ब्रॅकेट आतून घासतं, सालपट निघतं, तोंड येतं. त्यावर मेण मिळतं, पारदर्शक कांड्यांचं. हे लावायची एक रीत आहे, ती कुणी धड सांगत नाही. वाटाण्याएवढं तोडून बोटांत मळायचं, ब्रॅकेट आधी टिश्यूने कोरडं करायचं आणि मगच दाबून बसवायचं. ओल्यावर लावलं की पाच मिनिटांत ते गिळलं जातं. त्याने काही होत नाही, पण मेण खाल्लं ही भावना दिवसभर सोडत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायची. दोनेक आठवड्यांत गालही निबर होतात. लवंगेचं तेल लावायचा सल्ला मला निदान अर्ध्या सोसायटीने दिलाय. किडलेल्या दाढेला ते ठीक, सोललेल्या गालावर लावून बघा म्हणजे कळेल. आणि मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर येऊन टोचायला लागलं, तेव्हा सासरे खरोखर माळ्यावरून पक्कड काढून, ती धुऊन, चष्मा लावून तयार होते. "अगं, एक मिनिटाचं काम." मी मेण लावून रात्र काढली आणि सकाळी डॉक्टरबाईंकडे गेले. सासरे दोन दिवस जरा नाराज होते.

आजीच्या तोंडात शेवटी एकही दात उरला नव्हता. कवळीला ती "उसना ऐवज" म्हणायची आणि लग्नकार्याला तेवढी घालायची. विडा खलबत्त्यात कुटून खायची. तिचे दात एकेक करून गेले, म्हणजे प्रत्येक आधी दुखला असणार. त्या दुखण्याला ना तारीख होती ना आठवड्याची मुदत, आणि घरात कुणी त्याबद्दल बोलल्याचंही मला आठवत नाही.

आमच्या डॉक्टरबाई आता म्हणतात, तारा काढल्या की रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा. रोज रात्री, पुढची कित्येक वर्षं. दात सरळ झाले तरी त्यांची जुन्या जागी परत जायची ओढ काही जात नाही म्हणे. मी विचारलं, मग एवढं सगळं केलं कशाला? त्या हसल्या आणि म्हणाल्या, रबर कुठल्या रंगाचं लावू ते सांगा. मी म्हटलं, निळं लावा.