बाळाला जीवनसत्त्वांचे थेंब द्यावेत का?

बाळ घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जे प्रश्न आईवडिलांची पाठ सोडत नाहीत, त्यांत जीवनसत्त्वांच्या थेंबांचा प्रश्न हमखास असतो. आईच्या दुधात सगळे काही असते, वरून काहीही द्यायची गरज नाही, असे एकजण ठामपणे सांगतो. थोडे दिले तर नुकसान काय होणार आहे, असे दुसरा तितक्याच ठामपणे विचारतो. आमच्या घरात दोन्ही पक्ष होते. पुष्कळ वाचल्यावर आणि बालरोगतज्ज्ञांना त्याहून जास्त पिडल्यावर माझे मत असे झाले की हा प्रश्न ‘जीवनसत्त्वे’ म्हणून एकगठ्ठा विचारला, तर त्याला धड उत्तर मिळूच शकत नाही. एखादा घटक बाळाला एरवी कुठून मिळतो, त्या वयात तो पुरतो का आणि जास्त झाला तर काय होते, हे प्रत्येक घटकाबद्दल वेगळे विचारावे लागते, आणि उत्तरेही वेगवेगळी येतात.

के जीवनसत्त्वाचा निर्णय सर्वांत आधी, जन्मानंतर काही तासांतच करायचा असतो आणि माझ्या मते तो सर्वांत सोपाही आहे. हे जीवनसत्त्व रक्त गोठण्यासाठी लागते. गर्भात असताना ते वारेतून बाळाकडे फार कमी पोहोचते, आईच्या दुधातही ते अल्पच असते, आणि आतड्यातील जे जिवाणू ते थोडेफार तयार करतात त्यांची नवजात बाळाच्या आतड्यात अजून वस्ती झालेली नसते. त्यामुळे काही बाळांना पहिल्या आठवड्यात, तर काहींना दुसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान अचानक रक्तस्राव होतो, आणि उशिरा होणारा रक्तस्राव पुष्कळदा मेंदूत होतो. जन्मानंतर लगेच मांडीत दिलेले १ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन हा धोका जवळजवळ नाहीसा करते. अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी मात्रा याहून कमी असते. अमेरिकन बालरोग अकादमी १९६१ पासून सर्व नवजात बाळांसाठी त्याची शिफारस करत आली आहे. बाळ निरोगी दिसते म्हणून ते टाळावे, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण ज्यांना रक्तस्राव होतो ती बहुतेक बाळेही आदल्या दिवसापर्यंत निरोगीच दिसत असतात.

खरा विचार करायला लावते ते ड जीवनसत्त्व. आईचे दूध हे बाळाचे सर्वोत्तम अन्न आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्यात ड जीवनसत्त्व लिटरमागे बहुधा शंभर आंतरराष्ट्रीय एककांहूनही कमी असते आणि बाळाची रोजची गरज ४०० एकके, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, धरली जाते. यात दुधाला दोष देण्यासारखे काही नाही. मानवी शरीर हे जीवनसत्त्व मुख्यतः अन्नातून नव्हे, तर त्वचेवर पडणाऱ्या उन्हाच्या साहाय्याने मिळवते, आणि म्हणूनच ‘मग बाळाला उन्हात धरा, थेंब कशाला’ असे सुचवणारे लोक पूर्णपणे चुकीचे बोलत नसतात. अडचण मोजमापाची आहे. या कामासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ऋतू, अक्षांश, दिवसाची वेळ, हवेतील धूर, अंगावरचे कपडे आणि त्वचेचा रंग यांनुसार त्यांचा परिणाम कमीजास्त होतो. शिवाय तान्ह्या बाळाची त्वचा चटकन भाजते, म्हणून पहिले सहा महिने तरी थेट, कडक ऊन टाळण्याचा सल्ला दिला जातो. आज बाळाच्या शरीरात किती ड जीवनसत्त्व तयार झाले, हे उन्हात उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही. थेंबांच्या बाबतीत ते सांगता येते, आणि त्यांच्या बाजूचा माझ्या लेखी सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

अमेरिकन बालरोग अकादमीने पूर्वीची २०० एककांची शिफारस २००८ मध्ये ४०० वर नेली, आणि पोषणजन्य मुडदुसाबद्दल, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडल्याने मुलांची हाडे मऊ पडून वाकतात त्या आजाराबद्दल, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रानेही पहिले वर्षभर सर्व बाळांना ४०० एकके द्यावीत असे म्हटले आहे. पावडरीच्या दुधात हे जीवनसत्त्व मिसळलेले असते, त्यामुळे ते दूध पुरेसे पिणाऱ्या बाळाला वेगळे थेंब लागत नाहीत. आता पुरेसे म्हणजे किती? अमेरिकेत दिवसाला साधारण एक लिटर सांगतात, ब्रिटनमध्ये ५०० मिलिलिटर. या तफावतीने गोंधळून जाण्यापेक्षा आपल्या डब्यावर छापलेला आकडा पाहावा, बाळ दिवसाला किती दूध पिते त्याने तो गुणावा आणि तो हिशेब डॉक्टरांना दाखवावा. बाळाला थेंब देण्याऐवजी आईनेच मोठी मात्रा घ्यावी, असाही एक मार्ग तपासला गेला आहे: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोज ६४०० एकके घेणाऱ्या मातांच्या दुधातून बाळांना पुरेसे ड जीवनसत्त्व मिळाले. मात्र ही मात्रा नेहमीच्या शिफारशींपेक्षा कितीतरी जास्त असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज घेऊ नये.

‘थोडे जास्त गेले तर काय बिघडते’ या विचाराचे उत्तर याच जीवनसत्त्वाच्या इतिहासात मिळते. एडवर्ड मेलनबी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे दाखवले. त्या तेलातील अ जीवनसत्त्व उष्णता आणि हवा यांनी नष्ट केले तरी मुडदुसावरचा त्याचा गुण टिकून राहतो, हे एल्मर मॅकॉलम यांच्या गटाने १९२२ मध्ये सिद्ध केले आणि ड जीवनसत्त्वाला स्वतंत्र ओळख मिळाली. पुढे दुधाची पावडर, बाळांचे तयार अन्न आणि माशाचे तेल अशा अनेक वाटांनी ते मुलांना सढळपणे मिळू लागले. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये काही तान्ह्या बाळांच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याचे आढळले, तेव्हा ही मिसळण्याची मात्रा कमी करावी लागली. सगळ्याच बाळांना हा त्रास का झाला नाही, याचा मोठा उलगडा २०११ मध्ये झाला: काही मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची विल्हेवाट लावणारे विकर जन्मतःच सदोष असते, आणि इतरांना पचणारी मात्राही त्यांना बाधते. आपले मूल त्यांपैकी आहे का, हे कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून मात्रेची शिस्त सर्वांनीच पाळायची.

या शिस्तीत सर्वांत मोठी ठेच लागते ती ड्रॉपरपाशी. काही उत्पादनांत ४०० एकके एका मिलिलिटरमध्ये असतात, काहींत तीच मात्रा एका थेंबात. दुसऱ्या प्रकारची बाटली आणून पहिल्या प्रकारच्या सवयीने ड्रॉपर भरून दिला, तर बाळाला एका वेळी कित्येक पट मात्रा जाते, आणि असे रोज घडत राहिले तर उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि पुढे मूत्रपिंडावर परिणाम असा क्रम सुरू होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये याच कारणासाठी पालकांना इशारा दिला होता. तिथल्या मानकांनुसार ड जीवनसत्त्वाची रोजची कमाल सुरक्षित मर्यादा सहा महिन्यांपर्यंत १००० एकके, वर्षापर्यंत १५०० आणि एक ते तीन वर्षे वयात २५०० एकके आहे. म्हणजे एखाद्या दिवशी चुकून दोनदा थेंब दिले तर घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे ते रोजच्या चुकीला. बाटलीबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरावा, बाटली बदलली की लेबल नव्याने वाचावे, आणि घरात देणारी माणसे अनेक असतील तर आजची मात्रा कोणी दिली हे कुठेतरी लिहून ठेवावे.

लोह हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज आहे; पण थेंबांच्या चर्चेत ते नेहमीच येते आणि यायलाही हवे. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळ लोहाचा साठा करून घेते आणि जन्मानंतर नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापली, तर त्यात आणखी भर पडते. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. त्यानंतरची गरज थक्क करणारी आहे: अमेरिकन मानकांनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ पुरुषाला ८. आईच्या दुधातील लोह चांगले शोषले जात असले, तरी या वयात ते एकटे पुरे पडत नाही.

इथे तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. स्तनपान घेणाऱ्या बाळाला चौथ्या महिन्यापासून वजनाच्या किलोमागे रोज १ मिलिग्रॅम लोह द्यावे आणि लोहयुक्त वरचे अन्न नीट सुरू होईपर्यंत चालू ठेवावे, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०१० मध्ये सांगितले. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेला मात्र योग्य वजनाच्या निरोगी बाळांना पहिल्या सहा महिन्यांत सरसकट लोह देण्याची गरज वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका परिस्थितीवर अवलंबून आहे: जिथे या वयाच्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक मुलांमध्ये रक्तक्षय आढळतो, तिथे सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना वर्षातून सलग तीन महिने रोज १० ते १२.५ मिलिग्रॅम लोह द्यावे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांबद्दल मात्र फारसा वाद नाही. त्यांचा साठाच अपुरा असतो, म्हणून त्यांना लोह लवकर आणि जास्त मात्रेत लागते. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी मला मधला मार्ग बरा वाटतो: वरचे अन्न सुरू करताना कडधान्ये, मांस, अंडी किंवा लोह मिसळलेले तृणधान्य लवकर आणावे, त्याबरोबर क जीवनसत्त्व असलेले फळ द्यावे म्हणजे लोह अधिक शोषले जाते, आणि शंका असेल तर रक्ततपासणी करून मगच औषध द्यावे. मूल वर्षाचे झाल्यावर दिवसाला अर्ध्या लिटरहून फार जास्त दूध पीत असेल, तर त्याचे पोट दुधानेच भरते आणि लोह मागे पडते. अशा वेळी पहिला उपाय दूध कमी करणे हा असतो.

आणि लोहाची बाटली कुलपात ठेवावी. लोहाच्या गोळ्या गिळल्याने लहान मुले दगावल्याच्या घटनांमुळेच अमेरिकेत १९९७ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. घरातील मोठ्यांच्या गोळ्याही यात आल्याच.

ब-१२ चा प्रश्न खरे तर बाळाचा नसून आईचा आहे. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातच मिळते, म्हणून आईच्या आहारात ते नसेल किंवा तिला ते शोषले जात नसेल, तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशी बाळे काही महिन्यांनी मलूल होतात, शिकलेल्या हालचाली विसरू लागतात, आणि उपचाराला उशीर झाला तर मज्जासंस्थेचे नुकसान कायमचे राहू शकते. गरोदरपणातच आईची तपासणी झाली, तर ही वेळच येत नाही. अ जीवनसत्त्वाबद्दल एवढेच सांगते की जिथे त्याची कमतरता ही सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे, तिथे सहा महिन्यांनंतर एक लाख आणि पहिल्या वर्षानंतर ठरावीक अंतराने दोन लाख एककांचे मोठे डोस देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ते मिळत असतील तर घरी वेगळी अ जीवनसत्त्वाची बाटली डॉक्टरांना विचारल्याविना सुरू करू नये, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

राहिली ती चालत्याबोलत्या मुलांसाठीची मल्टिव्हिटॅमिन सिरपे आणि रंगीत, चघळायच्या गोळ्या. यांच्याबद्दल माझे मत बरेच कठोर आहे. ती विकत घेण्यामागचे नेहमीचे कारण असते ‘मूल काही खातच नाही’. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या तिप्पट होते आणि दुसऱ्या वर्षात त्यात साधारण दोन ते तीन किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते, आणि ते स्वाभाविक असते. वाढीच्या तक्त्यावर मूल आपल्या रेषेने पुढे सरकत असेल, तर चिंता ताटाची नसून पाहणाऱ्याची असते. मल्टिव्हिटॅमिनने भूक वाढते याला भरवशाचा आधार नाही. भूक वाढवणाऱ्या काही सिरपांत तर मूळचे ॲलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय अशी बाटली उघडूच नये. गोड, चघळायच्या गोळ्या मुलांना खाऊच वाटतात, हातात पडल्या तर एकावर थांबत नाहीत आणि लहान वयात घशात अडकण्याचीही भीती असते. अनेक देशांत अशी पूरके औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात, त्यामुळे विक्रीपूर्वी औषधांइतकी काटेकोर तपासणी त्यांची होत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते खरे आहेत: ॲलर्जीमुळे अन्नाचा एखादा मोठा गटच वर्ज्य असलेले मूल, प्राणिजन्य काहीही न खाणारे मूल, आतड्याचा शोषणाचा आजार असलेले मूल, किंवा इतके मोजके पदार्थ खाणारे मूल की वाढीची रेषाच खाली झुकू लागली आहे. अशा मुलांना पूरक लागते, पण कोणते आणि किती हे तपासणीवरून ठरते, बाटलीवरच्या हसऱ्या चित्रावरून नाही.

आमच्यापुरते सांगायचे, तर ड जीवनसत्त्वाचे थेंब आम्ही पहिल्या वाढदिवसानंतरही चालू ठेवले, कारण त्यानंतरची गरज काही मानकांनुसार ६०० एककांपर्यंत जाते, ब्रिटनमध्ये तर चार वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम द्यायला सांगतात, आणि आमच्या मुलाच्या आहारातून तेवढे येत नव्हते. लोह तपासणीनंतर काही काळ दिले आणि पातळी सुधारल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवले. मल्टिव्हिटॅमिनची भेट आलेली बाटली न उघडता परत केली. देणाऱ्यांना ते थोडे लागले, पण कारण सांगितल्यावर त्यांनी समजून घेतले.